निळ्या झाकणाचा डबा

गेल्या ऑगस्टमध्ये शाळेतून बोलावणं आलं. पालकसभा वगैरे नव्हती, खास आम्हालाच. आमचे चिरंजीव तेव्हा साडेचार वर्षांचे. बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की अदू गाणी छान म्हणतो, चित्रं छान काढतो, पण सूचना पाळत नाही. दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर एकच करतो. उजवं-डावं कळत नाही. शंभरापर्यंत अंक घडाघडा म्हणतो, पण पाच खडू आण म्हटलं की मूठभर घेऊन येतो. "घरी थोडी प्रॅक्टिस घ्या," असं म्हणून त्यांनी वर्कशीटचा एक जाडजूड गठ्ठा माझ्या हातात ठेवला.

तिथे मी शहाण्यासारखी मान डोलावली. रिक्षात बसल्यावर मात्र पोटात गोळा आला. साडेचार वर्षांच्या मुलाला उजवं-डावं न कळणं अगदी स्वाभाविक आहे, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि स्वतःच्या मुलाबद्दल ऐकणं यात फरक असतो, हे ज्यांना मुलं आहेत त्यांना सांगायला नको.

वर्कशीट दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी त्यांची विमानं झाली. मग मी आणखी एक शहाणपणा केला. लाकडी भाज्यांचा एक खेळ मागवला. लाकडी गाजर, लाकडी टोमॅटो, मधे चिकटपट्टी, आणि कापायला लाकडी सुरी. 'स्वयंपाकातून शिक्षण' असं खोक्यावर लिहिलं होतं. चिरंजिवांनी सगळ्या भाज्या एकदा कापल्या, परत चिकटवल्या, परत कापल्या, आणि "आई, आता हे खायचं कधी?" असं विचारलं. उत्तर नव्हतं. सुरीची बंदूक झाली आणि गाजर सोफ्याखाली गेलं. अजून तिथेच असावं.

सप्टेंबरमध्ये सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं.

आता आमच्या सासूबाई म्हणजे... ज्यांना माहीत आहेत ते हसायला लागले असतील. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. त्यांनी विश्रांती घेतली, पण स्वयंपाकघरात खुर्ची टाकून! वॉकर भिंतीला टेकवलेला, पाय स्टुलावर, आणि तिथून कारभार चालू. मी दुपारी आतल्या खोलीत दार लावून हापिसचं काम करते, नवरा सातशिवाय घरी येत नाही. म्हणजे साडेबारा ते पाच या वेळात घरात चालती फिरती व्यक्ती एकच. साडेचार वर्षांची.

तर अदू आजीचे पाय झाला. हे असं कोणी ठरवलं नव्हतं. त्यांना खरंच उठता येत नव्हतं, एवढंच.

"अदू, मधल्या ट्रॉलीतला निळ्या झाकणाचा डबा आण. तो नाही रे, त्याच्या उजवीकडचा. उजवीकडचा म्हणजे खिडकीकडचा." पहिले काही दिवस काहीही यायचं. पोह्यांच्या जागी साबुदाणा, जिऱ्याच्या जागी ओवा. सासूबाई एरवी फार शांत वगैरे नाहीत (मला अनुभव आहे), पण इथे घाई करून त्या जाणार कुठे होत्या? "उघडून बघ बरं, काय आहे त्यात? वास घे. आता हे कांद्यात घातलं तर पोहे होतील का?" मग तो डबा परत जाग्यावर, मग दुसरा. एक डबा मिळायला दहा मिनिटं. मी असते तर दहा सेकंदात स्वतः काढून मोकळी झाले असते, आणि माझ्या लेकाला पोहे ट्रॉलीत आपोआप उगवतात असं वाटत राहिलं असतं.

रात्रीची पानं घ्यायचं कामही त्याच्याकडे गेलं. चार माणसं, चार ताटं, चार वाट्या, चार भांडी. एक दिवस वाट्या तीनच आल्या. आजीने सांगितलं नाही, मीही बघितलं नाही. आमटी वाढायची वेळ आली आणि बाबाची आमटी थेट ताटात गेली, भाताला वळसा घालून कोशिंबिरीत शिरली. अदू डोळे मोठे करून बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो प्रत्येक ताटाला बोट लावून "आजीची वाटी, आईची वाटी, बाबाची वाटी, माझी वाटी" असं म्हणत वाट्या ठेवायला लागला. वर्कशीटवर चूक झाली की लाल फुली मिळते, आणि ती बाईंच्या मनातली गोष्ट असते. इथे आमटी स्वतःच सांगते.

ताकाचा प्रकार तर मी मुद्दाम दार उघडून ऐकला. आजीने एकाच मापाने ताक दोन पेल्यांत ओतलं. एक उंच निमुळता, एक बुटका रुंद. "मला जास्तवालं!" म्हणून त्याने उंच पेला पळवला. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हेच प्रयोग करून दाखवलं होतं, की या वयात उंची वाढली की 'जास्त' झालं असं मुलांना वाटतं, ओतताना समोर बघितलं तरी. सासूबाईंनी पियाजे वाचलेला नाही. त्या म्हणाल्या, "बरं, तुझं जास्त. आता माझं बुटकं तुझ्या उंचात ओतून बघू किती होतं ते." मग तिसरा पेला, मग परत मापात, ओट्यावर ताक, फरशीवर ताक. पुसायचं कोणी? अर्थातच आजीच्या पायांनी! हे पाच-सहा दिवस चाललं. एके दुपारी ऐकू आलं, "आजी, हे नुसतं उंच दिसतंय."

नोव्हेंबरमध्ये कधीतरी मी चहाला बाहेर आले, तेव्हा आजी सांगत होत्या, "सहा लसणाच्या पाकळ्या, दोन मिरच्या, आणि येताना दाराच्या डावीकडचं फडकं आण." तीन गोष्टी, दोन आकडे आणि एक डावं. सगळं आलं. मी दारातच उभी राहिले आणि चहा विसरले. वर्कशीटचा गठ्ठा तोवर रद्दीत गेला होता.

इथवरची गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटले होते. मावशीला फोनवर, मैत्रिणींना, हापिसात. आणि सांगताना आपोआप मागेपुढे पांडित्य जोडत होते. कारण यात नवीन काहीच नाही. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब वस्तीत बालगृह सुरू केलं, तेव्हापासून हात धुणं, धूळ पुसणं, पानं मांडणं, वाढणं हा त्यांच्या पद्धतीचा पाया आहे. त्या स्वतः १९३९ साली मद्रासला अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. त्यांच्या आधीच भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक ही पद्धत इथल्या मुलांसाठी बसवायला लागले होते. पुढे १९४५ साली ताराबाईंनी अनुताई वाघांना बरोबर घेऊन बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं. माँटेसरीची साधनं सुबक, पण महाग. खेड्यात ती कुठून आणणार? म्हणून बिया, शंख-शिंपले, दगड, पानं हीच साधनं झाली. ताराबाई अंगणातल्या वस्तू शाळेत घेऊन गेल्या. आणि मी, घरात खरी गाजरं असताना, लाकडी गाजर विकत आणलं! हल्ली लहान मुलांसाठी छोटी केरसुणी मिळते म्हणे, मोठ्या चार केरसुण्यांच्या किमतीत.

असो. तर मी अशी ऐटीत असताना दोन गोष्टी घडल्या, आणि त्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

पहिली सासूबाईंचीच. त्यांच्या माहेरची पितळी मापं आहेत आमच्याकडे, चिपटं आणि मापटं. दिवाळीला घासून काढली तेव्हा अदूला ती हवी झाली. त्या दोघांनी तांदूळ घेऊन मोजायचा खेळ मांडला. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मी आपली कौतुकाने म्हटलं, "आई, तुमचं गणित किती पक्कं आहे हो!" त्या तांदूळ निवडतच म्हणाल्या, "पायलीपर्यंत पक्कं आहे. पुढचं कोणी शिकवलंय? सातवीत दशांश अपूर्णांक सुरू झाले तेव्हा आई बाळंतीण होती. मी गोठ्यात होते." त्यांचे तिन्ही भाऊ मॅट्रिक झाले. घरकामातून शिक्षण झालंच की त्यांचं. आणि घरकामानेच थांबलं.

दुसरी मंगलताईंची. मंगलताई आमच्याकडे सात वर्षं येताहेत, केर-फरशी आणि भांडी. चार घरं करतात. सकाळी सातला घर सोडतात, मग त्यांची पूजा, वय वर्षं दहा, भात लावते, पाणी भरून ठेवते, धाकट्याचं आवरून त्याला अंगणवाडीत सोडते आणि मग शाळेत जाते. किराण्याचा हिशोब तीच ठेवते. दुकानदार एक रुपया चुकला तर पकडते, असं मंगलताईच अभिमानाने सांगतात. आणि हीच पूजा पाचवीच्या सहामाहीत गणितात नापास झाली. शाब्दिक उदाहरणं येत नाहीत, अशी शाळेची तक्रार.

माझ्या अंगात तेव्हा शिक्षणतज्ज्ञ संचारला होता ना! मी म्हटलं, "मंगलताई, शनिवारी पूजाला घेऊन या की. ती आणि अदू मिळून मटार सोलतील, त्यातूनच मी तिचं गणित करून घेईन. बघा, अदू कसा शिकला."

मंगलताईंनी फरशीचं फडकं पिळलं. बादलीत टाकलं. मग म्हणाल्या, "नको वहिनी. मटार तिला येतात सोलायला. तिला आणते मी, पण ती पुस्तक घेऊन बसेल. तुमच्या घरात तिच्या हातात भाजी नको."

एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. मला मात्र कान तापल्यासारखं झालं.

चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला आपल्याकडे १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीने ती बंदी सगळ्याच कामांना लागू झाली, मात्र स्वतःच्या घरच्यांना शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मदत करायला मुभा राहिली. मी काही पूजाला कामाला ठेवत नव्हते हे खरं. पण तोच मटार, तेच टोपलं, आणि माझ्या मुलासाठी ती 'ॲक्टिव्हिटी' आणि मंगलताईंच्या मुलीसाठी ते काम. मंगलताईंना हे एका क्षणात दिसलं. मला सांगावं लागलं.

पण मग प्रश्न उरतोच. घरकामातून शिकता येत असेल, तर माझ्या लेकाच्या दसपट घरकाम करणारी पूजा नापास का?

याच धर्तीचा प्रश्न ब्राझीलमध्ये विचारला गेला होता. रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा एक छोटासा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन हिशोब विचारले, तेव्हा मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर, गोष्टी-वस्तूंशिवाय नुसत्या आकड्यांत घातली, तर जेमतेम ३७ टक्के. आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला, त्यात साधारण हेच दिसलं. बाजारातला गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करणाऱ्या मुलांना पुस्तकातलं सोपं गणित अडलं. आणि उलटही! शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांना पुस्तकातलं येत होतं, बाजारातलं जमेना. म्हणजे दोन्हीकडे पाणी आहे, पण मधला पाट कोणी खणलेला नाही.

शनिवारी पूजा आली. मी तिला विचारलं, "तीन वाट्या तांदळाला पाणी किती घालतेस?"

"सहा."

"आणि साडेतीनला?"

"सात." हे विचारायचं काय, असा चेहरा.

मग मी वहीत लिहिलं, साडेतीनची दुप्पट किती? ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "हे आम्हाला अजून शिकवलं नाही."

"अगं, आत्ता सांगितलंस की."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिला फसवलंय. रोज दुप्पट करणाऱ्या मुलीला 'दुप्पट' हा शब्द तिच्या स्वतःच्या पातेल्याला लागू होतो, हे दहा वर्षांत कोणी म्हणालंच नव्हतं. कोण म्हणणार? आई सातला बाहेर पडते. शाळेतल्या बाईंना तिच्या पातेल्याची खबर नाही.

म्हणून आता कोणी घरकामातून शिक्षणाचं कौतुक सांगायला लागलं की मला पटतं, पण अर्धंच. डबा आणून कोणी शिकत नाही. डबा आणताना शेजारी जे माणूस रिकामं बसलेलं असतं, जे 'खिडकीकडचं म्हणजे उजवं' असं म्हणतं, आमटी ताटात जाऊ देतं आणि ओरडत नाही, ते शिकवतं. अदूला ते मिळालं, कारण त्याच्या आजीचे गुडघे गेले होते आणि घरात पैसे कमावणारे दुसरे दोघे होते. पूजाला काम भरपूर मिळालं, ते माणूस मिळालं नाही. सासूबाईंनाही नाही.

आणि एक. माझ्या घरी लहानपणी दादाला फक्त दुकानात पाठवायचे. अर्धा किलो साखर, पाव किलो डाळ, सुटे मोजून आण. मला पोळ्या, कारण 'सासरी काय म्हणतील'. दादाचं व्यवहारी गणित अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि त्याला अजून साधा चहा करता येत नाही (दादा, वाचतोयस ना? वहिनीला दाखव). तेव्हा काम द्यायचंच तर दोन्ही द्या, मुलगा-मुलगी न बघता. कामाचे पैसे, चांदण्यांचा तक्ता वगैरे मला आवडत नाही, पण त्यावर भांडण परत कधी.

सासूबाई आता हिंडायला लागल्या आहेत. त्यामुळे अदूची नोकरी धोक्यात आली. परवा त्यांनी स्वतःच उठून डबा काढला तर साहेब रडले! आता त्या मुद्दाम बसून राहतात, "आई गं, गुडघा" म्हणत. मी बघून न बघितल्यासारखं करते.

पूजा दर शनिवारी येते. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोघी वही घेऊन बसतो. ती आठवड्याची किराण्याची यादी सांगते, मी ती पुस्तकी भाषेत उदाहरण म्हणून लिहिते, मग ती सोडवते. आता उलटही सुरू केलंय, पुस्तकातल्या उदाहरणाचं तिने दुकान करायचं. 'एका डझनाला ६० रुपये तर ५ पेनांना किती' याला ती म्हणाली, "पाचच घेतले तर तो साठच्या भावाने देतो का?" मी वहीत लिहून ठेवलंय हे. वार्षिक परीक्षेत काय होईल मला माहीत नाही. आठवड्याला दीड तास हा काही फार नाही. मंगलताई तेवढा वेळ ओट्यापाशी जरा जास्तच रेंगाळतात. मधूनच भांडी घासायचा आवाज थांबतो.

गेल्या शनिवारी अदू टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत होता. हल्ली त्याला प्रत्येक शेंगेतले दाणे मोजायचं वेड आहे. "सात! यातपण सात! पूजाताई, सात आणि सात किती?"

"चौदा," वहीतून मान वर न करता पूजा म्हणाली. "सात दुणे."

"दुणे म्हणजे?"

तिने पेन्सिल खाली ठेवली आणि एक शेंग उचलली. आतून लगेच मंगलताईंचा आवाज आला, "पूजा, मटाराला हात लावू नकोस."

"सोलत नाहीये गं," पूजा म्हणाली. "शिकवतेय त्याला."